रिकामं आभाळ

“मासळीची जागा तूच फोडलीस!” असं म्हणत हसुराम नाखवाने सख्ख्या भावाला, मोरेश्वरला, होडीवरून उतरवलं. एकच रॉकेट दर आठवड्याला उपग्रहांची नवी खेप वर सोडून परत यायला लागलं, भर समुद्रात इंटरनेट आलं, आणि तेव्हापासून हसुरामने कुठेही जाळं टाकलं की एका मासेमारी कंपनीचे ट्रॉलर पाठोपाठ हजर व्हायचे.

आज फोन घरीच ठेवून तो एकटा निघाला. जिथे कधीच काही लागत नाही, तिथे त्याने मुद्दाम जाळं टाकलं. तरी ट्रॉलर आलेच. हसुरामने वर पाहिलं. आभाळ स्वच्छ, रिकामं होतं.

घरी आल्यावर फोनवर त्याच कंपनीचा निरोप दिसला : ‘नाखवा, आज आम्हाला फसवलंत. भावाची माफी मागा आणि उद्या दोघं खऱ्या जागेवर या.’