कप्तानाचं बारसं

यान सुटायची वेळ होत आली, तरी हेरंबची कप्तान डोळे मिटूनच होती. या ऑनलाइन खेळातल्या पात्रांना स्वतःची मर्जी होती. नाव पसंत पडलं तरच ती जागी होत. ‘झॉर्गा’, ‘व्हेक्सीना’ ऐकून तिने नुसतं नाक मुरडलं होतं.

“अरे, नाव आत्याने ठेवायचं असतं!” म्हणत त्याच्या बहिणीने, शलाकाने, त्याला बाजूला सारलं. माइकला ओठ लावून ती कुजबुजली, “कुर्रर्र... अरुंधती!”

कप्तानाने डोळे उघडले. पडद्यावरचं यान धडधडू लागलं. हेरंबने सुटकेचा निःश्वास टाकला.

“थांबा,” अरुंधती करड्या आवाजात म्हणाली. “बाबा, हा माझा पहिला हुकूम. आत्याच्या पाठीत धपाटा घालायचा राहिलाय!”

हेरंबने तो तत्काळ पाळला.