आडवा हात

आहाराच्या वर्गात पन्नाशीचे बारा पुरुष होते आणि वीसजणांची पोटं. दिघ्यांचं वजन मात्र चार महिन्यांत अकरा किलोंनी उतरलं होतं.

"पुरे म्हणायला शिकलात बघा," मॅडम म्हणाल्या.

पुरे तर दिघे पंचवीस वर्षं म्हणतच होते, ताटावर आडवा हात धरून. बायको तो हात बाजूला सारून तिसरी पोळी वाढायची. ती वारून चार महिने झाले होते.

"दोन पोळ्यांवर थांबतो," दिघे म्हणाले.

"आमच्या हिला सांगा," शेजारचा ढेरपोट्या कुरकुरला. "ऐकतच नाही."

शेवटी नाचणीचे लाडू आले. एक खाऊन झाल्यावर शेजाऱ्यानं दुसरा पुढे केला. दिघ्यांचा हात सवयीनं बशीवर आडवा झाला. "पुरे."

"मानलं बुवा," म्हणत शेजाऱ्यानं तो स्वतःच्या तोंडात टाकला.

दिघ्यांचा हात बशीवरच राहिला.