बेवारस दोन गुण

गुणलेखकाने बेरीज तिसऱ्यांदा केली आणि ती तिसऱ्यांदाही छप्पन्नच आली.

भिंतीवरच्या फलकावर लाल दिव्यांत लखलखत होतं, अठ्ठावन्न-सत्तावन्न. कॉलेजच्या मुलींचा बास्केटबॉलचा अंतिम सामना एका गुणाने संपून पंधरा मिनिटं झाली होती. जिंकलेल्या पोरी नाचून दमल्या होत्या आणि करंडक पुसून टेबलावर ठेवला होता. पण त्यांच्या एकेकीचे गुण मिळवले की भरत होते छप्पन्न. दोन गुण फलकावर होते आणि कुणाच्याच नावावर नव्हते.

एकतीस वर्षांत या माणसाच्या शीटवर खाडाखोड झाली नव्हती. डोळ्यात चिलट गेलं तरी चेंडू जाळीतून खाली येईपर्यंत काका पापणी मिटत नाहीत, असं लोक शपथेवर सांगत. आज काकांनी चौथ्यांदा पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

दोन गुणांचा मालक सापडल्याशिवाय आपण सही करणार नाही, असं पंचाने सांगून टाकलं.

घोळ कुठे झाला ते लगेच कळलं. तिसऱ्या सत्राच्या शेवटी बास्केटखाली ही झुंबड उडाली होती. आठ-दहा हात एकदम वर गेले आणि त्या जंगलातून चेंडू टुणकन जाळीत. पंचाने दोन बोटं दाखवली, काकांनी संघाचे दोन गुण मांडले आणि खेळाडूचा नंबर मागाहून लिहू म्हणून जागा सोडली. ती अजून कोरीच होती.

मालक शोधावा लागला नाही. चांगले तीन सापडले. सहा नंबर म्हणाली, शेवटचा हात माझा. नऊ नंबर म्हणाली, हिचा हात तर माझ्या कानावर होता. बारा नंबरने पुरावा म्हणून सुजलेलं बोट पुढे केलं, ते परवाच दारात चेमटलं होतं हे सगळ्या संघाला माहीत असूनही. त्यांच्या कर्णधाराला, म्हणजे चार नंबरला विचारलं, तर तिने हात झटकले. ती तेव्हा पार मैदानाच्या मध्यावर बुटाची लेस बांधत होती. पंच कंटाळून म्हणाला, टाका चिठ्ठ्या.

या तिघींपैकी कुणालाही ते गुण मिळाले असते तरी काही बिघडत नव्हतं. राज्याच्या संघात एकच जागा उरली होती, आणि आज सगळ्यांत जास्त गुण करील तिला ती मिळेल, असं निवड समितीच्या बाईंनी सकाळीच सांगितलं होतं. हरलेल्या संघातल्या अकरा नंबरने केले होते बावीस. चार नंबरने एकवीस. बाकी कुणी दहाच्या पुढे गेलंच नव्हतं. बाईंनी आपल्या यादीत अकरा नंबरचं नाव लिहूनही टाकलं होतं.

अकरा नंबर बॅग खांद्याला लावून दारापर्यंत पोचली होती. चिठ्ठ्यांचं कानावर पडलं तशी ती मागे फिरली, टेबलाशी आली.

"काका, चिठ्ठ्या नका टाकू. तो चेंडू मी घातला."

काकांनी चष्म्याच्या वरून पाहिलं. "बाळ, तू हरलेल्या संघातली. हे यांचे गुण आहेत."

"हो. मी अडवायला गेले आणि माझाच पंजा लागून आत गेला."

त्या क्षणी छताचे पंखेसुद्धा थबकले, असं पुढे सांगितलं जायचं. पंख्यांचं खरं मानू नका, माणसांचं माना. एका गुणाने हरलेला तिचा संघ पायऱ्यांवर बसला होता. त्यातल्या एकीच्या हातातली बाटली कलंडली आणि सगळं पाणी मांडीवर सांडलं, तरी तिने ती सरळ केली नाही. त्यांच्या सरांचा आ वासला तो वासलेलाच राहिला. शेवटी त्यांनी कसंबसं विचारलं, अगं, तेव्हाच का नाही बोललीस? तर ती म्हणाली, काकांनी पाहिलं असेल असं वाटलं, काकांना सगळं दिसतं म्हणतात ना.

काकांनी मान खाली घातली.

पंचाने घसा साफ करून नियम सांगितला. कुणी चुकून आपल्याच विरुद्ध चेंडू घातला, तर ते दोन गुण समोरच्या कर्णधाराच्या नावावर लिहायचे. म्हणजे चार नंबरचे एकवीस नव्हे, तेवीस.

निवड समितीच्या बाई उठून जवळ आल्या. "पोरी, हा नियम तुला ठाऊक होता?"

"हो, मॅडम."

"आणि गप्प राहिली असतीस तर जागा कुणाची होती?"

"तेही ठाऊक होतं."

काकांनी कोऱ्या जागेत चार लिहिला. बेरीज अठ्ठावन्न झाली. पंचाने सही केली. काका पेनाला टोपण लावायला लागले.

तेवढ्यात चार नंबर पुढे आली. तिने काकांच्या बोटांतून पेन काढून घेतलं.

शीटच्या अगदी तळाशी एक चौकट असते. निकाल मान्य नसलेल्या कर्णधाराने तिथे सही करायची. हरलेल्यांनी रागारागाने केलेल्या, कागद फाडून टेबलावर उमटलेल्या सह्या काकांनी तिथे खूप पाहिल्या होत्या. जिंकलेल्याची सही तिथे पडताना कुणी पाहिली नव्हती. चार नंबरने ती केली, नीट, सावकाश, पूर्ण नावाची.

"अगं, पण तक्रार काय म्हणून लिहू?" काकांनी विचारलं.

"लिहा, माझे तेवीस चूक आहेत. एकवीस."

पंचाने नियमांचं पुस्तक काढलं आणि उभ्याउभ्याच पहिल्या पानापासून वाचायला घेतलं.