तीन रिकाम्या खोल्या

“हे वाक्य कोणाचं?” व्हिसा कचेरीतल्या अधिकाऱ्याने विचारलं आणि निमंत्रणाचं पत्र आतून काचेला टेकवलं. एका ओळीखाली लाल रेघ होती.

फौजदारीण पुढे वाकली. हे नाव गल्लीने ठेवलेलं. नवरा बिचारा घड्याळं दुरुस्त करायचा. तिला वाचता जेमतेम येई, पण आपलं वाक्य तिने लांबूनच ओळखलं. ‘माझं घर मोठं आहे, वरच्या तीन खोल्या रिकाम्या आहेत, पाहुणी जन्मभर राहिली तरी तिला काही कमी पडणार नाही.’ पत्र लिहून घेताना थोरली सून म्हणाली होती, “आई, एवढं नको.” त्यावर फौजदारीण म्हणाली होती, “लिही मुकाट्याने. घर माझं आहे की तुझं?”

“माझंच आहे,” ती आता म्हणाली. “खोटं आहे का काही?”

“खोटं नाही, तीच तर अडचण आहे. बाई तीन महिन्यांसाठी येणार. तुम्ही म्हणता जन्मभर राहा. मी व्हिसा दिला आणि ती खरंच राहिली, तर?”

हा तिसरा अर्ज होता. आधीच्या दोन्हींना कारण एकच: पाहुणी परत जाईल याची खात्री नाही. फौजदारणीचा धाकटा मुलगा सहा वर्षं परदेशात त्या बाईबरोबर राहत होता. बाई मुलांना पोहायला शिकवायची. लग्न झालेलं नव्हतं, त्यामुळे ‘नातं’ या रकान्यात काय लिहायचं यावर घरात दोन दिवस गेले. शेवटी ‘मुलाची’ एवढंच लिहिलं. सहा वर्षांत मुलगा एकदाही आला नव्हता. फोनवर त्याने एकदाच सांगितलं होतं, “ती आली तर मी येईन. एकटा येणार नाही.” हट्टाच्या बाबतीत तो आईवर गेला होता. त्यामुळे पुन्हा कोणी विचारलं नाही.

“हाही अर्ज फेटाळला, तर पाच वर्षं नवीन करता येत नाही,” अधिकारी म्हणाला.

“पाच वर्षांनी मी एकोणऐंशीची असेन. नसले, तर ते कुठल्या रकान्यात लिहायचं?”

अधिकारी हसला नाही. फौजदारणीने पिशवी काचेखाली रिकामी केली. बाईच्या रजेचं पत्र. परतीचं तिकीट. बाईच्या म्हाताऱ्या वडिलांचा फोटो. बाईच्या कुत्र्याचा फोटो. अधिकाऱ्याने कुत्र्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि सगळं परत सरकवलं.

“सव्वाची बस आहे आमची,” फौजदारीण म्हणाली. “काय ते लवकर बोला.” सव्वाची बस तिने आयुष्यात चुकवली नव्हती. बसच तिला घाबरून वेळेवर येते, असं गल्लीत म्हणत.

“एवढंच सांगा. घरची माणसं सात लिहिलीत. मग तीन खोल्या रिकाम्या कशा?”

फौजदारीण कागद पिशवीत भरू लागली. तिच्यामागे उभी असलेली थोरली सून भिंतीवरचं घड्याळ बघू लागली. या प्रश्नाचं उत्तर घरात ठरलेलं होतं: मुलांच्या नोकऱ्या लांब आहेत. थोरला मुलगा दोन गल्ल्या सोडून राहत होता.

काचेपलीकडे अधिकाऱ्याने लाल शिक्क्याला हात घातला.

“थांबा साहेब. माझ्या घरात कोणी टिकत नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे टिकत नाही. मला बोलायची सवय आहे. मुलगी माहेरपणाला येते, ती शेजारणीकडे उतरते. थोरला लग्नानंतर वर राहिला, तो गेला. धाकटा तर पार समुद्र ओलांडून गेला. नणंद तेवढी चार वर्षं राहिली, पण तिला ऐकू कमी यायचं.” एवढं ती ताठ मानेने बोलली. घराच्या भिंती किती जाड आहेत ते सांगावं, तसं.

अधिकाऱ्याने शिक्का ठेवला आणि पेन उघडलं. “पुरावा?”

फौजदारणीने मागे न बघता हात केला. “ही काय, उभी आहे. सांग गं यांना. आज सांग.”

थोरलीने घसा साफ केला. “एकोणीस दिवस,” ती म्हणाली. “विसाव्या दिवशी आम्ही भाड्याची खोली बघितली.”

“भांडण झालं होतं?”

“नाही. मी बोललेच नाही. त्याच बोलल्या.”

अधिकाऱ्याने पत्राच्या कडेला ‘एकोणीस’ लिहिलं आणि त्याखाली दोघींच्या सह्या घेतल्या. फौजदारीण शाळेत दुसरीपर्यंतच गेलेली, सही सावकाश करायची. आज तिला आणखी वेळ लागला. मग त्याने अर्जातले नव्वद दिवस खोडून तीस केले आणि हिरवा शिक्का मारला.

“तीसच?”

“तुमच्या सांगण्यावरून तेही जास्तच दिलेत, बाई.”

बाहेर ऊन होतं. कोपऱ्यावर बस वळताना दिसली. “चला आई, आली,” म्हणत थोरली दोन पायऱ्या उतरलीसुद्धा.

फौजदारीण वरच्या पायरीवर बसली. कागद तिने मांडीवर पसरला आणि तिसाच्या आकड्यावर बोट ठेवलं.

“एकोणिसाव्या दिवशी मी तुला काय बोलले होते गं?”

थोरली थांबली. बसचं दार उघडलं. चौदा वर्षांत हे तिला कोणी विचारलं नव्हतं.

“एकोणिसाव्याच दिवसाचं सांगू?”

फौजदारीण सरकली आणि तिने थोरलीसाठी पायरीवर जागा केली.

“पहिल्यापासून सांग,” ती म्हणाली. “बस जाऊ दे.”