तेओचं टोपडं

"पोरी, बाहुलीला तुझ्या लेकराचं टोपडं घालू नकोस," कपडेपट सांभाळणारी आस्सुंता मावशी म्हणाली होती.

"इश्श, टोपडंच तर आहे!" ओर्सोलाने हसत ते बांधून टाकलं.

तिचा नवरा गास्पारे मूकपटांतला विदूषक. जिन्यांवरून, छपरांवरून पडून त्याने अख्ख्या तोरिनो शहराला हसवलं होतं. पण आता त्याचं पडणं लोकांना पाठ झालं होतं. म्हणून नव्या चित्रपटात तो त्यांच्याच तान्ह्या तेओला सज्जातून फेकणार होता. युक्ती साधी होती: कॅमेरा थांबवायचा, तेओला उचलून त्याच्या जागी चिंध्यांची बाहुली ठेवायची आणि कॅमेरा पुन्हा सुरू करायचा.

आज पहिला खेळ. तेओ ओर्सोलाच्या मांडीवर निजला होता. चित्रीकरणापासून तो रडलाच नव्हता. "किती गं गुणी!" सगळे म्हणत.

पडद्यावर गास्पारेने बाहुली फेकली.

"बाप आहेस की कसाई!" कुणीतरी ओरडलं आणि थिएटर खो खो हसलं.

पडता पडता बाहुलीने मूठ उघडून टोपड्याचा बंद धरला. तेओ झोपताना धरायचा, तसाच.

ओर्सोलाची नजर पडद्यावरून हलेना. मांडीवरचं ओझं चिंध्यांइतकं हलकं लागत होतं. तिने शेजारच्या बाईचा हात घट्ट धरला.

"अहो, माझ्या मांडीवर जरा बघता का? मला बघवत नाही."