हाताचं टोक

मतदान केंद्रावर सकाळपासून शाई लावणारे खिलारे गुरुजी मान वर न करताच म्हणाले, "डावं बोट पुढं करा."

कुष्ठवसाहतीतल्या धुरपाबाईंनी हात पुढं केले. दोन्हींना बोटं नव्हती.

"परत धाडू नका, गुरुजी. आमदार मलाबी निवडायचाय. परत धाडायला रेशनवरचं अंगठ्याचं यंत्र हायेच."

गुरुजींनी नियमांचं पुस्तक उघडलं. तोवर त्याचा उपयोग वारा घेण्यापुरता होता. आत चक्क लिहिलं होतं: एकही बोट नसेल, तर हाताचं जे टोक असेल त्यावर शाई लावावी.

धुरपाबाई येणार, हे नियम लिहिणाऱ्या कुठल्याशा कारकुनाला आधीच ठाऊक होतं. गुरुजी उठून उभे राहिले आणि त्यांचा हात धरून त्यांनी शाई लावली.

आडोशामागं यंत्र वाजलं. बाहेर येत धुरपाबाई म्हणाल्या, "ह्या यंत्रानं वळखलं बगा मला."