कायमचा पत्ता

टेक्सासमधल्या शुगर लँडच्या आपल्या घराचा पाया खचला म्हणून पद्मिनीकाकूंनी तिथल्याच बिल्डरवर केस केली होती. पण दोन्ही पक्ष वेगवेगळ्या राज्यांचे असतील तरच फेडरल कोर्ट ती ऐकणार होतं. म्हणून मुलानं, मिहीरनं, त्यांच्याकडून उत्तर घोकून घेतलं होतं: मी आता कायमची इलिनॉयला, नेपरव्हिलला मुलाकडेच राहणार. शपथेवर खोटं कसं बोलायचं, या विचारानं सकाळपासून काकूंचा जीव थाऱ्यावर नव्हता.

यापुढे कुठे राहणार, असं बिल्डरच्या वकिलानं विचारलं, तेव्हा ते उत्तर सहज तोंडून निघालं. आपण खोटं बोललोच नाही, हे त्यांना तेव्हा कळलं.

परतताना सिग्नलला गाडी थांबल्यावर मिहीरनं विचारलं,

"आई, ते फक्त कोर्टापुरतं होतं ना?"